पावसाळ्याआधी गावतलावाचा मातीचा बांध कसा तपासायचा

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. धरण छोटंच होतं, मातीचं, आणि गळती लागलीय असं गावकरी आधीपासून सांगत होते. त्या वर्षापासून मी आमच्या तलावाच्या बांधावर मे महिन्यात एकदा आणि पुढे पावसाळाभर दर आठवड्याला चालतो. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, १० ते १५ मीटरमधली काही येतात, पण आपले गावतलाव बहुतेक त्यात बसतच नाहीत, त्यामुळे आपल्या बांधावर आपणच लक्ष ठेवायला पाहिजे.

सोबत काठी, टेप, वही, मोबाईल आणि एक रिकामी पारदर्शक बाटली घ्या. बाटली कशाला ते खाली सांगतो. एकट्याने जाऊ नका, आणि पाऊस चालू असताना उतारावर उतरू नका.

आधी सांडवा बघा. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो टिकत नाही, पाणी माती कापत जातं आणि काही तासांत खिंडार पडतं, म्हणून जास्तीचं पाणी सांडव्यातूनच गेलं पाहिजे. तिथं झुडपं वाढलीत का, गाळ साचलाय का, मासे धरायला कुणी जाळी लावलीय का, सांडव्याच्या पुढच्या चरात कुणी नांगर घातलाय का हे सगळं बघायचं. बऱ्याच गावांत उन्हाळ्याला पाणी पुरावं म्हणून सांडव्यावर दगड नाहीतर मातीची पोती रचतात. मला त्यामागची तहान कळते, पण हे अजिबात करू नका, त्या फूटभर पाण्यासाठी आख्खा बांध पणाला लागतो.

मग माथ्यावरून चाला. एका टोकाला उभं राहून डोळा लावून बघा, मध्ये कुठं खोलगट दिसतंय का. पावसानंतर जिथं डबकं साचतं तिथं माथा खचलाय असं समजा. पानशेतलाही १२ जुलै १९६१ ला फुटण्याआधी विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या, नळाजवळचा भराव खचत गेला होता, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवायचा प्रयत्न केला होता. भेगा दोन प्रकारच्या असतात. बांधाच्या लांबीने गेलेली भेग म्हणजे उतार घसरायला लागला असू शकतो. आडवी, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग जास्त वाईट, कारण पाण्याला आरपार वाट मिळते. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, मधलं अंतर मोजून तारखेसकट लिहा, पुढच्या आठवड्यात परत मोजा.

पाण्याकडच्या बाजूला पिचिंगचे, म्हणजे उतारावर रचून बसवलेले, दगड सरकलेत का, कुणी बांधकामाला उचलून नेलेत का ते बघा, दगड गेले की लाटा माती खात जातात.

कोरड्या बाजूला गवत चालतं, उलट चांगलंच, माती धरून ठेवतं. झाड मात्र नको. मोठं झाड वाळलं की मूळ आत कुजतं आणि त्या जागी पोकळ नळी राहते. पण मोठं झाड जेसीबीने मुळासकट उपटायलाही जाऊ नका, आधी इंजिनिअरला दाखवा. घुशी, साळींदर, खेकडे यांची बिळं मोजून फोटो काढा.

आता पायथा, इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. मे महिन्यात आजूबाजूला सगळं वाळलेलं आणि एकाच ठिकाणी हिरवंगार दिसलं तर तिथं पाणी येतंय. मातीच्या बांधातून थोडा पाझर असतोच, घाबरायचं नाही, पाण्याचा रंग बघायचा. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्हाला विमोचकाचा पाइप बाहेर निघतो तिथं घमेल्याएवढी ओली जागा दिसली. वरून पाणी नितळ वाटत होतं. बाटली भरून दगडावर अर्धा तास ठेवली तर तळाला बोटभर लाल माती बसली. म्हणजे पाणी आतून बांध घेऊन बाहेर पडत होतं. त्याच दुपारी इंजिनिअरला फोन करून त्याच्या सांगण्यावरून विमोचकाचं गेट उघडलं आणि तलाव हळूहळू उतरवला. म्हणून सांगतो, गेट दर मेमध्ये ग्रीस लावून एकदा चालवून बघाच, ऐन वेळी जाम झालेलं गेट काही कामाचं नाही.

गळती दिसली की लोक वरून चिकणमाती नाहीतर सिमेंट थापतात. हे चुकीचं आहे, पाणी कोंडतं आणि दुसरीकडून जोरात फुटतं. आधी वाळू, त्यावर खडी, त्यावर दगड असा थर द्या, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती आत राहते. जमिनीतून वाळू उकळल्यासारखी वर येत असेल तर भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करा. पण हे फक्त इंजिनिअर येईपर्यंतचं काम, आणि गढूळ पाणी वाढत चाललं असेल तर तिथं थांबायचंच नाही.

तक्रार तोंडी करू नका. ग्रामसभेचा ठराव करा, त्याला फोटो आणि मोजमापं जोडा. छोटे तलाव बहुतेक जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात, त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे. एक प्रत तहसीलदारांना द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पाणी गढूळ होऊन झपाट्याने वाढतंय, माथा डोळ्यांदेखत खचतोय, किंवा पाणी माथ्याला टेकायला आलंय, यातलं एक जरी दिसलं तरी आधी खालच्या वस्तीतली माणसं उठवा आणि मग १०७७ ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, फोन करा. कुठल्या घराला कोण उठवणार, म्हाताऱ्या माणसांना कुणाच्या गाडीतून न्यायचं, गुरांचं दावं कोण सोडणार आणि कुठल्या उंचावर जायचं हे मेमध्येच ठरवून शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा, कारण रात्री वीज गेलेली असते आणि मोबाईलला रेंज नसते.