पायथनने लिहिलेली मराठी सीएसव्ही एक्सेलमध्ये विचित्र दिसते : माझा अनुभव

लक्षण असे : सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) नोटपॅडमध्ये नीट दिसते, पण एक्सेलमध्ये डबल-क्लिक केले की मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि मधूनमधून येनचे चिन्ह. फॉन्ट बदलला, पायथनच्या ओपन फंक्शनमध्ये एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) 'यूटीएफ-८' दिले, फरक शून्य. फार वैताग आला.

मूळ कारण : फाइलच्या सुरुवातीला बीओएम (फाइल यूटीएफ-८ असल्याची खूण) हे ३ बाइट नसतील, तर एक्सेल विंडोजचे जुने कोडपेज (एका बाइटला एक अक्षर मानणारा तक्ता) धरते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइटचे असते, म्हणून एकाची तीन होतात.

आधी ती फाइल एक्सेलमध्ये सेव्ह न करता बंद करा, नाहीतर तो कचराच कायम होतो. मग ओपनमध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' (सुरुवातीला बीओएम लिहिणारे यूटीएफ-८) द्या आणि न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या (नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते). पांडाज या पायथन लायब्ररीत टू-सीएसव्हीला फक्त एन्कोडिंग पुरते. स्क्रिप्ट चालवून फाइल नव्याने तयार करा.

हीच फाइल पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलने वाचतानाही 'सिग'वालेच एन्कोडिंग हवे. साध्या यूटीएफ-८ने पहिल्या स्तंभाच्या नावाला अदृश्य बीओएम चिकटतो आणि नाव बरोबर दिसत असूनही की-एरर (ते नाव सापडत नसल्याची चूक) येतो.