खांद्याची नस दुखावली की काय पाहायचं, आणि किती दिवस थांबायचं

मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी घसरून खांद्यावर पडलेला मुलगा असो, की लासलगावला गोण्या वाहणारा हमाल, हात उचलेना झाला की घरचे म्हणतात 'नस दबली'. इथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, मज्जातंतू. कोणती नस, हे कोणती हालचाल गेली त्यावरून बरंचसं कळतं. हाड मोडल्याची शंका असेल तर खांदा हलवू नका, हात झोळीत ठेवा. मनगट आणि बोटं मात्र लगेच तपासा.

दंडाचं हाड मधोमध मोडलं तर त्याला चिकटून जाणारी रेडियल नस दुखावते. मनगट लोंबतं. इथे हमखास फसगत होते: बोटांची टोकं सरळ होतात, कारण ते काम दुसऱ्या नसेचं. पाहायचं ते बोटं मुळाशी वर उचलतात का आणि अंगठा मागे जातो का. मूठही ढिली वाटते. मनगटाला आधार दिला की घट्ट होते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपल्यानेही असंच होतं, पण ते बहुधा काही आठवड्यांत सुटतं.

खांदा निखळला असेल तर दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवा. बधिर लागलं तर ॲक्सिलरी नस. भिंत ढकलताना खवाटा पंखासारखा बाहेर येत असेल तर छातीच्या कडेने उतरणारी लांब नस.

खांदा आणि कोपर दोन्ही गेले, शिवाय त्याच बाजूची पापणी झुकली, बाहुली बारीक झाली, तर नसांची मुळंच मणक्यापासून उपटली असण्याची दाट शक्यता. हात गार पडला किंवा नाडी लागेना तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

ईएमजी, म्हणजे नस आणि स्नायूचं काम विजेच्या संकेतांवरून पाहणारी तपासणी, 3 आठवड्यांनंतर करा. त्याआधी चित्र अपुरं दिसतं. नस दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे 12 सेंटिमीटरला 4 महिने. स्नायू मात्र वर्ष-दीड वर्षानंतर साथ देत नाही. म्हणून 3 महिन्यांत काहीच हललं नाही, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवाच. उपटलेल्या मुळांच्या बाबतीत तेवढंही थांबू नका.

तोवर मनगटाला आधाराची पट्टी. डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्या हाताने प्रत्येक सांधा 10 वेळा, दिवसातून 3 वेळा हलवा, नाहीतर नस जुळेल आणि सांधा आखडलेला राहील. जोराचं मालिश नको. बधिर कातडीवर गरम शेक तर मुळीच नको, भाजल्याचं कळत नाही. पडल्याची तारीख आणि कोणती हालचाल कधी परत आली, हे वहीत लिहून ठेवा. सर्जन पहिला प्रश्न तोच विचारतात.