पाणंदीखालची मोरी बघितली का?

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली, हे आपल्याकडं शेंबडं पोरगंही सांगतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पण पाणंदीखालची मोरी, म्हणजे शेतरस्त्याखालून पाणी जायची वाट, तुंबलीय की मोकळी, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. ती ना तुमची, ना शेजाऱ्याची.

२०२१ च्या महापुरात आमच्या मळीला, म्हणजे नदीकाठच्या रानात, दोन आडसाली उसाचे प्लॉट बांधाला बांध लागून होते. पाणी दोन्हीत एकाच रात्री शिरलं. नदी उतरल्यावर एकाच्या सऱ्या चार दिवसांत दिसल्या, कारण त्याचा चर मोरीतून सरळ ओढ्याला लागत होता. दुसऱ्याच्या मोरीत पाचट (उसाचा वाळला पाला), खताची रिकामी पोती आणि एक फुटकी घागर निघाली. तोवर पंधरा दिवस गुडघाभर पाणी साचून होतं. मुळ्या काळ्या पडल्या, ऊस बुडातून गेला. आणि गडी म्हणतो, पुरानं नेला!

शेंडा पाण्याबाहेर असला तर ऊस काही दिवस तगतो. मुळाला हवाच मिळाली नाही तर मात्र तगत नाही. म्हणून उघडीप आहे तोवर शेजाऱ्याला घेऊन खोरं मारा. काढलेला गाळ काठावर टाकू नका, पावसाच्या पहिल्याच सरीला तो परत चरात येतो. भाताच्या खाचराचा सांडवाही त्याच फेरीत बघा.

पाणी चढायला लागल्यावर मात्र मोरीकडं फिरकू नका. तुंबलेलं तोंड एकदम सुटलं की पाय आत ओढला जातो, धडधाकट माणसालाही सावरता येत नाही. इथं पाऊस थांबला तरी राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावती फुगते आणि पाठोपाठ पंचगंगा. शिरोळकडं तर कृष्णेच्या फुगवट्यानं पाणी हलतच नाही. ओढ्याचं पाणी एकाएकी तांबडं झालं, त्यात काटक्या-पाला वाहू लागला, तर वर जोर झालाय असं समजून काठ सोडावा. हा माझा अंदाज, पण तो सहसा चुकलेला नाही.

बाकीची कामं:
- नदीकाठची मोटार, स्टार्टर इशारा पातळीआधी वर. आधी फ्युज काढा. रात्री नको.
- जनावरं पाणी गोठ्याला लागायच्या आत हलवा. अडचण आलीच तर दावी सोडा.
- चार दिवसांची वैरण उंचावर.
- वारं सुटण्याआधी मोठ्या उसाची पाचटानं बांधणी. गोठ्याच्या पत्र्यावर वजन.
- विजा कडाडताना झाडाखाली थांबू नका. मोबाईलवर ‘दामिनी’ ॲप ठेवा.
- तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका. वायरमनला कळवा.
- पुलावरून पाणी असेल तर ट्रॅक्टरही घालू नका.

पूर उतरला की दुकानात टॉनिकच्या बाटल्या समोर येतात. हजार-बाराशे रुपये, ‘पांढरी मुळी सुटते’ म्हणे. साचलेल्या पाण्यात कसली मुळी सुटणार? आधी पाणी काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती नुसती ओलसर, मोकळी होऊ द्या. पिवळ्या पडलेल्या सोयाबीनला २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम. उसात पोक्का बोंग दिसला, म्हणजे शेंड्याची पानं आकसून पिळवटली, तर मॅन्कोझेब १० लिटरला ३० ग्रॅम.

ऊस बुडून निघाला असेल तर औषधाआधी चार-पाच ठिकाणचे पोंगे (शेंड्याचे कोवळे कोंब) उभे चिरून बघा. आत पांढरा, करकरीत असेल तर थांबा, फुटेल. तपकिरी असेल आणि आंबूस वास येत असेल तर त्यावर खर्च करू नका. पंचनाम्यासाठी फोटो काढून ठेवा आणि येताना मोरीत डोकावून या. पाणी उतरताना ती गाळानं पुन्हा भरते, आणि परतीचा पाऊस अजून यायचाय.