पाणी काचेसारखं, तरी मासे मरतात: नव्या फिशटँकमधल्या या चुका टाळा

पहिली टाकी आणली त्याच दिवशी दुकानदाराने एका फुगलेल्या पिशवीत बारा मासे बांधून दिले. सहा मॉली, चार टेट्रा, दोन गोल्डफिश. टाकी दोन फुटी, तळाला रंगीत खडी, मधोमध प्लास्टिकचा किल्ला. "नळाचं पाणी भरा, हे निळं औषध टाका आणि अर्ध्या तासाने मासे सोडा." पाचव्या दिवशी पाणी इतकं नितळ होतं की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं, आणि मासे मात्र वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. मी घाबरून अख्खी टाकी उपसली. खडी नळाखाली चोळचोळून धुतली, फिल्टरचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळला, ताजं पाणी भरलं. आठवड्याभरात बारातले तीन उरले.

त्या टाकीत मी घाण म्हणून काही ठेवलंच नव्हतं, आणि घोटाळा तिथेच होता. नितळ पाणी आणि माशाला मानवणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला बरंच उशिरा कळलं.

टाकी आणि मासे एकाच दिवशी आणणं

मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो. विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या खाण्यातूनही तोच तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि माशाला त्रास देण्याइतका झाला तरी आपल्या नाकाला कळत नाही. रुळलेल्या टाकीत जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो आणि दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट बऱ्यापैकी सोसतं आणि पाणी बदलून काढून टाकता येतं.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच, आणि त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी धुऊन टाकली ती पाच दिवसांची कोवळी वस्ती.

घरात दही लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दुधाचं दही आपोआप होईलही, पण विरजण असलं तर काम भरवशाचं होतं. टाकीचं विरजण म्हणजे एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा. तो ओला ठेवून, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये कोंबायचा. वेळ निम्म्यावर येऊ शकतो. विरजण मिळालं नाही, तर रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. माझी दुसरी टाकी पाच आठवडे अशीच भरून ठेवली होती. घरी येणारा प्रत्येक जण काचेला नाक लावून विचारायचा, "मासे कुठायत?"

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं, की मासे आणा. तेही सगळे एकदम नकोत, आधी चार-पाच, मग दोन आठवड्यांनी आणखी.

मासे आधीच सोडले असतील तर? दर एक-दोन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला, खाणं निम्मं करा आणि नवीन मासा अजिबात आणू नका. फिल्टरला हात लावू नका.

टेस्ट किटवर पैसे वाचवणं

किल्ल्याला आणि रंगीत दिव्याला आपण पैसे देतो, मग पाण्यातला अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजणाऱ्या किटच्या किमतीवर घासाघीस करतो. पट्ट्या चालतात पण ढोबळ असतात, थेंबांचं किट बरं. रंग ट्यूबलाइटखाली पाहू नका, खिडकीशी दिवसाच्या उजेडात पाहा. अमोनियाच्या नळीत शून्याचा पिवळा आणि 0.25 चा किंचित हिरवट पिवळा यांत रात्री मी तीनदा फसलोय. नायट्रेटच्या किटमधली एक बाटली वापरण्याआधी चांगली खळखळून हलवावी लागते, तळाला साका बसलेला असतो. ती न हलवता काढलेला आकडा खोटा. अमोनिया 0.25 पीपीएमच्या (म्हणजे लिटरला 0.25 मिलिग्रॅमच्या) वर दिसला तर पाणी बदला. नायट्राइट शून्यच हवं. नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली ठेवा.

आपलं पाणी कुठलं, हे न बघणं

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, आपल्या पोटासाठी तो हवाही. पण तो कल्ले जाळतो आणि जिवाणूही मारतो. पाणी उघड्या, पसरट बादलीत 24 तास ठेवलं की बराचसा उडून जातो, एअर पंपाचा स्टोन सोडला तर लवकर. घाई असेल तर दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून खडे मिळतात. ते सोडियम थायोसल्फेट, फोटोवाले ज्याला हायपो म्हणायचे तेच. बादलीला एक-दोन खडे पुरतात. पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा क्लोरीनचा डोसही वाढलेला असतो. जून-जुलैत नळ सोडल्यावर वास आला, तर त्या दिवशी पाणी बदलू नका.

सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. असं पाणी बहुतेक वेळा जड असतं, गीझरमध्ये आणि नळाच्या तोंडावर पांढरा थर जमतो त्यावरून ओळखा. त्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, 8 च्या आसपास असू शकतो, आणि पीएच वाढला की तोच अमोनिया जास्त जहाल होतो. साधारण 25 अंशांच्या पाण्यात, पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे किटवर दोन टाक्यांत एकच आकडा दिसतो आणि बोअरवाल्या टाकीतले मासे आधी जातात. त्यात कोकणातून हौसेने आणलेले शिंपले किंवा संगमरवराची खडी टाकली, की पीएच आणखी चढतो.

याला उपाय म्हणून नुसतं आरओचं पाणी भरणं ही उलट्या बाजूची चूक. त्यातले क्षार गेलेले असतात, त्यामुळे पीएच सावरून धरायला काही उरत नाही आणि तो अचानक घसरू शकतो. बोअर आणि आरओ मिसळा, किंवा सरळ जड पाण्यात सुखाने राहणारे मासे पाळा. गप्पी आणि मॉली अशा पाण्यात मजेत असतात. पाण्याशी भांडण्यापेक्षा मासा बदलणं मला केव्हाही पटतं.

पंधरा दिवसांनी टाकी 'धुणं'

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, बस्स. सायफनच्या नळीने तळाची घाण ओढा. स्पंज फारच तुंबला असेल तर टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात, बादलीत, दोनदा हलका दाबा. तपकिरीच राहू द्या. नवीन पाण्याचं तापमान हाताने ताडून पाहा, विशेषतः जानेवारीत, कारण गच्चीवरच्या टाकीतलं गार पाणी थेट ओतलं की मासे बिथरतात आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला निमित्त मिळतं.

नव्या टाकीत पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका, तो पाण्यात तरंगणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंचा बहर आहे, आपोआप बसतो. हिरवं झालं तर ऊन किंवा दिवा जास्त होतोय. लाकडाच्या ओंडक्यामुळे चहासारखा रंग आला तर तो निरुपद्रवी.

आणि ते निळं औषध. मिथिलिन ब्लू बुरशीवर चालतं, पण अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही मारतं. आजारी मासा वेगळ्या डब्यात ठेवून तिथे वापरा. नव्या टाकीत 'सावधगिरी म्हणून' नको.

खाणं आणि गर्दी

आम्ही चार दिवस गावाला गेलो तेव्हा शेजारच्या काकूंना डबी देऊन गेलो होतो. परत आलो तर डबी रिकामी आणि तळाला दाण्यांचा फुगलेला, बुरशी आलेला गालिचा. काकू म्हणाल्या, "वर येऊन मागत होते रे, बघवेना." मासे कायमच मागतात. दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या, दिवसातून एकदा. मोठे निरोगी मासे चार दिवस उपाशी सहज राहतात. कुणाला सांगायचंच असेल तर रोजची चिमूट कागदाच्या पुड्यांत बांधा आणि डबी लपवा.

दोन फुटी टाकी म्हणजे 24 × 12 × 12 इंच, हिशेबाने 56 लिटर, पण खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता जेमतेम 45. औषधाचा डोस या 45 वर मोजा. एवढ्यात गोल्डफिश नकोच. तो मोठा होतो, घाण भरपूर करतो, आणि त्याला टेट्रापेक्षा गार पाणी लागतं.

रात्री अकराला मासे वर आले तर

दुकान बंद, किट संपलेलं. आधी पंप चालू आहे का पाहा. लाइट गेली होती का? उन्हाळ्यात पाणी तापलेलं असतं तेव्हा त्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. पंप बंदच असेल तर मगाने पाणी उचलून फूटभर उंचीवरून परत टाकीतच ओतत राहा. पंपाशेजारच्या प्लगला डास पळवायचं मशीन लावलंय का? पंप खोलीतलीच हवा पाण्यात फुंकतो आणि त्या औषधांतली रसायनं माशांना फार घातक असतात. मशीन काढा, खिडकी उघडा.

हे सगळं ठीक असेल तर संशय अमोनिया किंवा नायट्राइटवर. नायट्राइट रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच घालवतं, म्हणून पंप फसफसत असतानाही मासे गुदमरतात आणि कल्ले तपकिरी दिसतात. मुरवलेल्या, म्हणजे 24 तास उघड्या बादलीत ठेवलेल्या पाण्याने तिसरा हिस्सा टाकी बदला. मग लिटरला 1 ग्रॅम साधं मीठ मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दिवा बंद करा, खाणं बंद. सकाळी उजेडात तपासा आणि गरज असेल तर पुन्हा पाव टाकी बदला. म्हणून बाथरूममध्ये एक बादली कायम भरलेली असू द्या, घरचे कितीही कुरकुरले तरी.