वसई ते चर्चगेट: पवित्र आठवडा आणि प्रॅक्टिकल एकदमच आले तर

बारावी झाली, मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आता रोज वसई रोडवरून चर्चगेट गाठायचंय, अशा आपल्या ख्रिस्ती मुलामुलींसाठी हे लिहितेय. पास कुठे काढायचा, अल्पसंख्याक कोट्याला बाप्तिस्म्याचा दाखला कसा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला बोलायचंय ते आठवड्याबद्दल, आणि त्यातही ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याबद्दल. कॉलेजचा आठवडा सोमवारी सुरू होतो, आपला रविवारी. दोन्ही सांभाळून डिग्री होते, माझी केमिस्ट्रीतून झाली. पण ‘समजून घेतील’ या भरवशावर राहिलात तर फार त्रास होईल, हे आधीच सांगते.

सोमवार ते शुक्रवार निम्मा जीव गाडीत जातो. विरार फास्ट वसईला येते तेव्हाच भरलेली असते, तिच्यात बसायला मिळेल ही आशा सोडा. वसईहून सुटणारी लोकल असेल तर घरातून लवकर निघणं परवडतं. उभ्याने फक्त थिअरी वाचून होते. ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन कागदावर काढल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत, त्या घरीच करायच्या. परतीच्या गाडीत अभ्यास करीन असं ठरवू नका. संध्याकाळी नायगावच्या खाडीपर्यंत डोळे मिटलेले असतात, आणि ती झोप तुमची गरज आहे.

बुधवारी बरेच जण माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला उतरतात. जरूर जा. पण माहीमला फास्ट थांबत नाही, त्यामुळे घरी पोहोचायला किती उशीर होणार ते धरूनच जा. दुसऱ्या दिवशी जर्नल द्यायचं असेल तर त्या बुधवारी गेला नाहीत म्हणून देव रागावत नाही.

धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या पॅरिशमध्ये, एकच जबाबदारी घ्या. कॉयर (गाणाऱ्यांचा गट), संडे स्कूल, युवा संघटना, पॅरिशच्या सणाची वर्गणी, सगळीकडून बोलावणं येतं, कारण कॉलेजात जाणारी मुलं सगळ्यांनाच हवी असतात. मी कॉयर धरलं आणि बाकी ठिकाणी नम्रपणे नाही म्हटलं. वाईट वाटतं, लोक थोडे नाराजही होतात, पण चार महिन्यांत विसरतात. अर्धवट केलेलं काम मात्र कुणी विसरत नाही.

आता रविवार. ‘राहिलेलं रविवारी करू’ हे वाक्य वहीतून काढून टाका. सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना), मग कॉयरची पुढच्या आठवड्याची गाणी, घरी आल्यावर पाहुणे, जेवण आवरेपर्यंत दुपार टळलेली. रविवार आपला मोकळा कधीच नसतो, आणि तो तसा असावा असं मला वाटतही नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, हे मात्र लक्षात ठेवा. मेडिकलची ‘नीट’, यूपीएससीची पूर्वपरीक्षा, एमपीएससीचे पेपर बहुतेक रविवारीच असतात. अशा वेळी शनिवारी जाऊन या आणि मनात अपराधीपणा ठेवू नका.

पहिल्या वर्षी अठरा पूर्ण झाले की उपवासाचा नियम आपल्यालाही लागू होतो: भस्म बुधवारी (ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस) आणि गुड फ्रायडेला एकच पूर्ण जेवण. मांस तर चौदा पूर्ण झाल्यापासूनच वर्ज्य. भस्म बुधवारी सुट्टी नसते. कपाळावर राख घेऊन लॅबमध्ये उभं राहाल तेव्हा कुणीतरी विचारेल, त्याला सरळ सांगा. ‘ख्रिश्चन असून मराठी इतकं छान कसं?’ हेही विचारलं जाईल. बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्या वसईचेच, एवढं सांगितलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसले, तिच्याकडे येते. ईस्टर दर वर्षी २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीतरी येतो. नेमके हेच दिवस प्रॅक्टिकल आणि सेमिस्टरचे. गुड फ्रायडेला सुट्टी असते म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण त्याच्या आदल्या दिवशीचा, पाय धुण्याच्या विधीचा गुरुवार आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीचा शनिवार हे कॉलेजसाठी साधे दिवस आहेत.

शेवटच्या वर्षी गुरुवारच्या विधीत स्तोत्र गायचं माझ्याकडे होतं. जानेवारीतच मी मॅडमना सांगितलं होतं की त्या दिवशी सकाळची बॅच मिळाली तर वेळेत पोहोचेन. त्या लगेच म्हणाल्या, ‘हो गं, करू या, काळजी करू नकोस.’ मनापासून म्हणाल्या होत्या. मार्चमध्ये त्यांच्याकडचं बॅच लावायचं काम दुसऱ्या सरांकडे गेलं. लॅबच्या दाराला यादी चिकटवली, तर माझा सीट नंबर गुरुवारी दुपारच्या बॅचमध्ये, वरून तिसरा. सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. विभागप्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘यादी एक्स्टर्नल परीक्षकांना गेली, आता हात लावता येणार नाही. तुझा अर्ज कुठे आहे?’ अर्ज नव्हता. मी टायट्रेशनचा प्रयोग केला, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) दिली, धावत गाडी पकडली. गावात पोहोचले तेव्हा पाय धुऊन झाले होते आणि कॉयर अर्पणाचं गीत गात होतं. स्तोत्र मैत्रिणीने म्हटलं होतं. मी मागे दाराशी उभी राहिले. आजही ते आठवलं की घसा दाटतो.

म्हणून सांगते, तोंडी ‘हो’वर अजिबात विसंबू नका. देणारी व्यक्ती कितीही चांगली असो, कॉलेज कितीही ‘आपलं’ असो. अल्पसंख्याक संस्थेतही यादी कारकून आणि परीक्षा विभाग मिळून लावतात, तिथे कुणाच्या मनातली गोष्ट पोहोचत नाही. अर्ज विभागप्रमुखांच्या नावे करा. त्यात सुट्टी मागू नका, बॅच मागा. ‘अमुक तारखेला संध्याकाळी धार्मिक विधीत माझी जबाबदारी आहे, तरी मला त्या दिवशी सकाळच्या किंवा इतर कोणत्याही दिवशीच्या बॅचमध्ये घ्यावे’, इतकंच लिहा. खाली नाव, वर्ग, रोल नंबर. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. कारकून म्हणेल, ‘ठेवून जा, मी देतो.’ तरी हलू नका. मग त्या प्रतीचा फोटो, बॅच लावणारे जे कुणी असतील त्यांना दाखवा, आणि यादी लागायच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा विचारा. हे सगळं फेब्रुवारीत. यादी लागल्यावर रडूनही उपयोग नाही.

‘फादरकडून पत्र आणतो, काम होईल,’ असं बरेच सीनियर सांगतात. मला हा आडमार्ग पटत नाही. फादरांचं पत्र अर्जाला जोडायला ठीक, पण अर्जाच्या जागी ते चालत नाही, आणि प्रत्येक कामाला फादरांना पुढे करण्याची सवय वाईट. तसंच सीनियरचं जर्नल उतरवून काढणं. व्हायव्हात पहिल्या दोन प्रश्नांतच कळतं. ‘प्रार्थना कर, सगळं नीट होईल,’ एवढंच सांगणारे मार्गदर्शकही मी टाळले. प्रार्थना मी रोज करते, पण मोलॅरिटीचं गणित मला समजावलं ते लॅबमधल्या काकांनी. बाटल्या आवरता आवरता ते जे सांगतात, ते कान देऊन ऐका.

थिअरीच्या पेपरची वेळ मात्र कुणी बदलत नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. पेपर गुरुवारी दुपारी असेल आणि गाव गाठणं शक्य नसेल तर कुलाब्याला होली नेम कॅथेड्रल आहे, वाटेत बांद्र्याला, अंधेरीला चर्च आहेत. विधी तोच असतो. आपल्या गावातली माणसं नसतात, आपली मराठी गाणी नसतात, जरा परकं वाटतं, पण विधी चुकत नाही. आणि एखाद्या वर्षी नाहीच जमलं तर खचू नका. मीही त्या शनिवारी रात्री अल्लेलुया सगळ्यांबरोबर म्हटलंच की.

२०२७ सालच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहा: भस्म बुधवार १० फेब्रुवारी, गुड फ्रायडे २६ मार्च, ईस्टर २८ मार्च. ईस्टरच्या सोमवारी कॉलेजला सुट्टी धरू नका. त्या दिवशी पेपर आला तर शनिवारी जागरणविधीच्या आधी दुपारी झोप काढा, आणि रविवारी जेवण झालं की पाहुण्यांत न बसता सरळ वरच्या खोलीत जा. आईला हे आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा, म्हणजे मावशी-काकांना काय सांगायचं ते ती बघते.