बेदाणा भरण्याआधी खोकं आणि पिशवी तपासा

तासगाव, मिरज, पंढरपूर पट्ट्यातला बेदाणा शेडवरून उतरून खोक्यांत चाललाय आणि मृग तोंडावर आलाय. ओलावा 15 टक्क्यांच्या आत येईपर्यंत वाळलेल्या बेदाण्यावर बुरशी सहसा धरत नाही. पण त्यातली साखर पावसाळी हवेतली ओल ओढून घेते, आणि मधे आड असते ती फक्त पिशवी. म्हणून सगळा लॉट उचलण्याआधी पॅकिंगची घरच्या घरी परीक्षा घ्या.

पॉलिथिन बुरशीला सहसा खाता येत नाही. ती वाढते पिशवीवरच्या धुळीवर आणि बेदाण्याच्या चिकटावर. पुठ्ठ्याचं तसं नाही. त्याचे थर बहुधा स्टार्चच्या खळीनं चिकटवलेले असतात, म्हणजे ओल लागली की पंगतच मांडलेली. जुनं खोकं उलटं करून पुन्हा भरणाऱ्यांना काय म्हणावं!

पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा कापा. डब्याच्या तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर तुकडा. पाण्याला टेकू देऊ नका. झाकण घट्ट लावून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. दुसऱ्या पुरवठादाराचा तुकडा तशाच वेगळ्या डब्यात ठेवा. इतक्या दमटपणात कुठल्याही पुठ्ठ्यावर कधीतरी बुरशी येणारच. कोणत्यावर आधी ठिपके पडतात आणि कुणाचे थर आधी सुटतात, एवढंच बघायचं.

पिशवीची परीक्षा वजनानं होते. त्याच प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत 500 ग्रॅम बेदाणा सील करा, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि तशाच दमट डब्यात दहा दिवस टांगा. बाहेरून कोरडी पुसून पुन्हा तोला. 5 ग्रॅम वाढले तर ओलावा साधारण एक टक्क्यानं चढला. छोट्या पिशवीत मालाच्या मानानं पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ही परीक्षा जरा कडकच. दोन पिशव्यांची तुलना करायला मात्र उत्तम. बहुतेक वेळा दोष प्लास्टिकचा नसतो, तोंडाचा असतो. हवा भरून बंद केलेली पिशवी पाण्यात दाबली की बुडबुडे जागा दाखवतात. पिशवीचं तोंड नुसतं दुमडून पट्टी मारणं माझ्या मते पावसाळ्यात चालत नाही.

निर्यातीच्या मालाचं एवढ्यावर भागत नाही. युरोपात बेदाण्यातल्या ऑक्रॅटॉक्सिन-ए या बुरशीच्या विषाची मर्यादा किलोला 8 मायक्रोग्रॅम आहे, आणि बुरशी पुसली तरी हे विष मालात राहतं. त्यासाठी प्रयोगशाळाच गाठा. प्लास्टिकच्या बुरशीरोधाची एएसटीएम जी-21 ही प्रमाणित चाचणी 28 दिवस चालते. आज नमुना दिलात तर निकाल पावसातच हाती येईल, तेव्हा पुरवठादाराकडे तयार अहवाल मागा.

कोल्ड स्टोरेजमधून जुलैत काढलेल्या खोक्याला घाम फुटतो. ते बाहेरच्या हवेइतकं कोमट होईपर्यंत आतली पिशवी उघडू नका, आणि ओल्या खोक्यांची थप्पी लावू नका.