मुंबई–नागपूर विमानप्रवास : ‘दीड तास’ धरून चालणाऱ्यांनो, या चुका टाळा

सकाळी नऊचं विमान म्हटल्यावर नागपूरच्या मावशीनं फोनवरच हिशेब केला : “म्हणजे साडेदहाला घरी. तर्री-पोहे करून ठेवते.” मी पोचलो सव्वाअकराला. पोहे गार, मावशी गरम. डोंबिवलीहून मी पहाटे पाचला निघालो होतो, हे तिला सांगायची सोयच नव्हती.

पहिली चूक अंतराची. विमानाच्या सरळ रेषेत मुंबई–नागपूर सुमारे 685 किलोमीटर. रेल्वेनं कसारा, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा करत 837. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळच्या आमणे गावापासून. दादरहून तिथवर जाणं त्यात धरलेलं नाही. काही साइट 426 आकडा दाखवतात. ते मैल असतात आणि सागरी मैल असतील तर 370. एकक न बघता आकडा उचलला की पुढचं सगळं गणित फसतं.

दुसरी चूक भागाकाराची, आणि ती शिकलेली माणसंच जास्त करतात. 685 भागिले विमानाचा वेग, ताशी 800 किलोमीटर, म्हणजे 50-52 मिनिटं, मग कंपनी दीड तास का लिहिते? कारण विमान चढताना आणि उतरताना त्या वेगात नसतं. शिवाय तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पलीकडे जागेवर उभं राहिलं की बंद. त्यात मुंबईच्या सांताक्रूझ-सहार विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. सुटायला रांग, उतरायला आकाशात घिरट्या. हे सगळं कंपन्या वेळापत्रकात आधीच मुरवतात. म्हणून तर वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान कधीकधी ‘वेळेवर’ पोचतं!

हिवाळ्यात परतीला थोडी मिनिटं जास्त लागली तर वैमानिकाला दोष देऊ नका. वरचे वारे पश्चिमेकडून येतात, मुंबईकडे येताना ते समोरून लागतात.

विमानतळ नीट वाचा. तिकिटावर टर्मिनल 1 आहे की 2? दोघांची दारं वेगळ्या रस्त्यांवर आहेत. आता उलव्याला नवी मुंबईचा विमानतळही आहे. शोधताना ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळ यादीत येतात आणि स्वस्त दिसलं म्हणून बोरिवलीकर उलव्याचं तिकीट काढून बसतो. देशांतर्गत उड्डाणासाठी बहुतेक कंपन्यांचे काउंटर तासभर आधी बंद होतात, तेव्हा घरून निघायची वेळ तिथून मागे मोजा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र पुढे परदेशी जाणाऱ्यांची. नागपूर–मुंबई एक तिकीट आणि मुंबई–दुबई दुसरं, मध्ये दोन तास. पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. बॅग पट्ट्यावरून घ्यायची, टर्मिनल बदलायचं, पुन्हा रांग, मग इमिग्रेशन. शक्य तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. नाहीच जमलं तर मध्ये निदान चार तास ठेवा. पावसाळ्यात मी तर आदल्या दिवशीच येतो.

मावशीला मी आता उड्डाणाची वेळ सांगतच नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर बॅग हातात पडली की फोन करतो, मग ती पोहे भिजवते.